चिकटवहीची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला एखाद्या विदुषीचे व्याख्यान ठेवावे अशी आपल्याकडे चाल आहे. या वर्षी ती मोडून मंडळाने गावातल्याच एका सुनेला उभे केले, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "घरबसल्या तुम्ही जी शिकवणी चालवता ती कशी काढली, तिच्यात काय मिळते आणि काय बुडते, ते आडपडदा न ठेवता सांगा. आमच्या मुलींना उपयोग होईल." मी तेवढेच करणार आहे. मिळाले ते सांगेन, आणि बुडाले तेही सांगेन.

मी शिकवते चिकटवही. हसू नका! लहानपणी शाळेत आपण सगळ्यांनीच ती केली आहे. पिंपळाची पाने, काड्यापेटीवरची चित्रे, पोस्टाची तिकिटे खळीने चिकटवायची आणि बाईंना दाखवायची. मोठेपणीची चिकटवही तिचीच थोरली बहीण. एका पानावर एक फोटो, त्याच्या शेजारी लग्नाची पत्रिका, एखादे जुने पत्र, बाळाच्या पहिल्या कुंचीचा तुकडा, आणि खाली आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी. या चार ओळी नसल्या तर तो नुसता आल्बम. फोटोवरून माणूस कोण ते कळते. त्या दिवशी पाऊस होता, बँडवाले उशिरा आले आणि 'उंबराचं पाणी' आणायला गेलेल्या बायका भिजून परत आल्या, हे लिहिल्यावाचून कोणाला कळायचे?

हा धंदा मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेत मार्क ट्वेन नावाचा मोठा विनोदी लेखक होऊन गेला. त्याने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या वहीचे पेटंट घेतले. पानांवर आधीच डिंकाचे पट्टे ओढलेले असत. पाणी लावावे आणि कात्रण चिकटवावे. पण घरच्या बायकांनी हे काम धंदा म्हणून हाती घेतले ते त्यानंतर शंभरएक वर्षांनी. यूटा राज्यातल्या मेरीलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या पन्नासांहून अधिक वह्या तयार केल्या होत्या. १९८० साली सॉल्ट लेक सिटी येथे वंशावळी व जुन्या नोंदी यांविषयी एक जागतिक परिषद भरली, तेथे त्या वह्या मांडल्या गेल्या. बघणाऱ्या बायका विचारू लागल्या, हा कागद कुठे मिळतो, हे कसे करायचे? त्या विचारण्यातून पुढच्याच वर्षी नवरा-बायकोंनी दुकान घातले.

दुसरी गोष्ट तर आपल्या मंडळाच्या जवळची आहे. माँटाना राज्यातल्या रोंडा अँडरसन या बाईंनी मातांच्या एका मंडळापुढे, मी आज उभी आहे तशाच उभ्या राहून, आपले आल्बम दाखवले. सगळ्यांनाच तसले आल्बम हवे झाले. बाईंनी ते बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला, तो कंपनीच्या अधिकारी शेरिल लाइटल यांनी उचलला, आणि त्या दोघींच्या बोलण्यातून १९८७ साली 'क्रिएटिव्ह मेमरीज' उभी राहिली. हजारो बायका आपापल्या घरी मैत्रिणींना जमवून शिकवू लागल्या आणि सामान विकू लागल्या. पण पुढे फोटो कागदावरून उठून संगणकात गेले, विक्री उतरली, कर्ज वाढले, आणि मूळ कंपनीला २००८ साली दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. मी यातून एवढेच घेतले की, कागद आणि डिंक यांच्या साठ्यावर भिस्त ठेवू नये. साठा पडून राहतो. शिकवणे पडून राहत नाही.

आता माझी हकीकत. मी शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाली, भाईंदरची बस बंद झाली, होड्या किनाऱ्याला लागल्या. घरात बसून मी सासूबाईंची पत्र्याची पेटी उघडली. आत बिस्किटांच्या डब्यात फोटो होते. समुद्रावरची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. लोखंडाच्या खिळ्याला ती सोडत नाही, तिथे फोटोला काय सोडणार? निम्मे फोटो एकमेकांना चिकटले होते, काहींवर बुरशीची नक्षी उठली होती. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत आणि उपनगरांत घरोघरचे आल्बम चिखलात गेले, ते मी पाहिले होते. आमच्या घरात पूर आलाच नव्हता. तरी तेच घडत होते, फक्त हळूहळू. मी उरलेले फोटो निवडून वही करायला घेतली. एक पान नाशिकच्या पुतणीला मोबाइलवर दाखवले. ती म्हणाली, "काकू, मला शिकव ना!" तिच्या मागून तिच्या तीन मैत्रिणी आल्या. अशी पहिली तुकडी चार जणींची, फी शून्य.

ऑनलाईन शिकवायला खोली लागत नाही, फळा लागत नाही, हे खरे. पण जे लागते ते कोणी सांगत नाही. मोबाइल टेबलावर खाली तोंड करून स्थिर धरायला हवा, म्हणजे शिकणारीला माझे तोंड न दिसता हात दिसतील. मी एक स्टूल उलटे करून त्याच्या पायांवर फळी बांधली आणि फळीला भोक पाडले. आजही तेच वापरते. उजेड खिडकीचा घ्यावा, दिव्याखाली हाताची सावली पडते. पंखा लावला की कागद उडतात आणि न लावला की घाम पानावर गळतो, म्हणून चित्रण सकाळी लवकर उरकावे.

पहिल्यांदा मी दीड तासाचा वर्ग थेट घेत असे. दहा मिनिटांत एकीचा कुकर शिट्टी देई, दुसरीकडे पाणी येई, तिसरीचा मुलगा मोबाइल मागून नेई. तेव्हा ध्यानात आले की, पुष्कळ बायकांच्या घरी मोबाइल त्यांचा एकटीचा नसतो. दुपारी पाठवलेला धडा रात्री नवरा घरी आल्यावर उघडतो. मग मी सहा-सात मिनिटांचे लहान लहान धडे चित्रित करून ठेवू लागले. आठवड्यातून एकदाच रात्री नऊ वाजता सगळ्या जमतात आणि आपापली पाने दाखवतात. गळती थांबली.

तुकडी कधी काढायची, हाही प्रश्न होता. आपल्याकडे बायकांना थोडी उसंत मिळते ती पावसाळ्यात. होड्या वर ओढलेल्या, बोंबील वाळवायचे काम बंद. पण कागदाला सर्वांत वाईट दिवस तेच. हवेत ओल, खळ दोन दोन दिवस सुकत नाही, पाने फुगतात. म्हणून पावसाळ्यात मी लिहायचे आणि फोटो निवडायचे धडे देते, आणि चिकटवायचे काम दिवाळीनंतर. शेतीला हंगाम असतो तसा या धंद्यालाही आहे.

आता पैशांचे बोलते. पहिले वर्षभर मला वाटे की माझी कमाई चांगली आहे. मग एके दिवशी वही घेऊन बसले. बारा जणींची तुकडी, प्रत्येकीची फी ९०० रुपये, म्हणजे १०,८०० रुपये. प्रत्येकीला मी सामानाची पुडी पाठवते, तिला २६० रुपये पडतात. त्याचे झाले ३,१२०. टपाल आणि बांधणी सरासरी ८० प्रमाणे ९६०. इंटरनेट, नमुन्याची पाने, छपाई यांचे ७२०. हाती राहिले ६,०००. पण त्या तुकडीमागे माझे तास किती गेले? मोजले तर चाळीस. तासाला दीडशे रुपये पडले. वाईट नाही, पण मी समजत होते तेवढेही नाही. मुलींनो, आपला वेळ फुकट धरू नका. घरात तो फुकट धरला जातो म्हणून धंद्यातही आपण तसाच धरतो, आणि मग दोन वर्षांनी थकून सोडून देतो.

जोडीला दोन व्यवहाराच्या गोष्टी. २०१६ साली यूपीआय आले, त्यामुळे लांबच्या गावची बाईदेखील फी चटकन पाठवू शकते. मात्र धंद्याचे खाते घरखर्चाहून वेगळे ठेवा. केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. तिला फी नाही, तेव्हा ती करून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नुसते शिकवण्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पण परराज्यात माल विकायचा झाला तर नियम वेगळे आहेत, तेव्हा आधी जाणकाराला विचारून घ्या.

काही जणी मला विचारतात, यूट्यूबवर सगळे फुकट का नाही टाकत? पुण्याच्या मधुरा बाचल यांचे उदाहरण त्या देतात. मधुराताईंनी २००९ साली पाककृती दाखवायला आरंभ केला, पुढे मराठीतून दाखवू लागल्या, आणि त्यांचे नाव घरोघर झाले. त्यांच्याकडून मी एक गोष्ट जरूर घेतली, ती म्हणजे आपल्या भाषेत शिकवणे. पण स्वयंपाक रोज प्रत्येक घरात होतो, चिकटवही कोणी रोज करीत नाही. पाहणाऱ्या थोड्या असल्या की जाहिरातीच्या उत्पन्नावर पोट भरत नाही. आमच्यासारखीला थोड्या विद्यार्थिनी, वाजवी फी आणि प्रत्येकीच्या पानाकडे जातीने लक्ष, हाच मार्ग आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला तयार झाले, ती सांगते.

तिसऱ्या पावसाळ्यातली तुकडी. पावसात चिकटवायचे नाही हा नियम तोवर मी केलेला नव्हता. त्या तुकडीत रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातल्या मावशी होत्या. वय साठीच्या पुढे. नातवाच्या मोबाइलवर शिकत. अक्षर सुरेख, आणि सांगितलेले तंतोतंत करणार. पाचव्या धड्यात मी सांगितले होते, "फोटोच्या पाठीला पातळ खळ लावा, पानावर बसवा, वही मिटा आणि वर जड वजन ठेवून रात्रभर राहू द्या." दोन दिवसांनी त्यांनी एका पानाचे चित्र पाठवले. खाली लिहिले होते, "बाई, दुसऱ्या बाजूचे पान उघडताना असे झाले. हे नीट करता येईल का?"

तो त्यांच्या यजमानांचा फोटो होता. कृष्णधवल, पन्नासएक वर्षांपूर्वीचा, आणि एकुलता एक. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने मऊ होतो. पावसाळी ओल, त्यात खळीचे पाणी, वर पाट्याचे वजन. तो थर समोरच्या पानाला चिकटला, आणि पान उघडताना चेहरा त्या पानावर निघून गेला.

मी तो धडा पुन्हा लावून पाहिला. पडद्यावर माझे हात वही मिटण्यापूर्वी दोन पानांमध्ये चकचकीत तेलकागद सरकवीत होते. वर्षानुवर्षांची सवय. पण तोंडाने मी ते सांगितलेच नव्हते! शाळेच्या वर्गात चालून गेले असते. मुलींच्या बाकांमधून फिरताना मी स्वतःच्या हाताने तो कागद सरकवला असता. येथे माझा हात तीनशे किलोमीटर दूर होता. मावशींनी मी सांगितले तेच केले होते, आणि मी सांगितले ते अपुरे होते.

मी त्यांना फोन केला. चूक माझी आहे असे सांगितले, फी परत पाठवली. त्यांनी फीविषयी अवाक्षर काढले नाही. बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्यात ते धोतर नेसून होते, ते दिसते आहे अजून." मला पुढे बोलवले नाही. त्यानंतर महिनाभर मी शिकवणी बंद ठेवली. जे परत देता येत नाही ते ज्या कामात नासू शकते, ते काम लांबून शिकवण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मला झोपू देईना.

मावशींनी ते पान फाडले नाही. फाटका फोटो होता तसाच ठेवला आणि शेजारी लिहिले की, रंग सावळा, उजव्या भुवईवर लहानपणीची खोक, हसताना मान डावीकडे कलत असे. हे त्यांनी आपल्या मनाने केले, मी शिकवले नव्हते. त्यामुळे सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. चेहरा गेला तो गेलाच.

शिकवणी पुन्हा सुरू केली ती तीन नियम घालून. पहिला, मूळ फोटोला खळ लावायचीच नाही. आधी फोटोची चांगली नक्कल काढून घ्यायची. वहीत चिकटते ती नक्कल. मूळ फोटो ठेवायचाच असेल तर कागदी कोपऱ्यांत बसवायचा, म्हणजे कधीही सुटा निघतो. हा माझा पहिला धडा आहे आणि तो सगळ्यांना विनामूल्य आहे, शिकवणीला या अगर न या. दुसरा नियम, प्रत्येक धडा लोकांना देण्यापूर्वी माझी जाऊ तो डोळे मिटून नुसता ऐकते, आणि ऐकलेल्यावरून काम करते. तिला या कलेचा गंध नाही, म्हणूनच ती उत्तम परीक्षक. ती जिथे अडते तिथे माझे एक वाक्य राहिलेले असते. एका सात मिनिटांच्या धड्यात तिने मला नऊ वेळा थांबवले आहे! तिसरा नियम, ज्या वस्तूला जोड नाही, तिच्याविषयी विद्यार्थिनीने आधी मला विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत हात लावायचा नाही.

जाता जाता घरच्या फोटोंसाठीही चार गोष्टी सांगते. चिकटपट्टी फोटोला लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. ज्या आल्बमची पाने चिकट असून वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, त्यांतून फोटो वेळीच सोडवा. सुटत नसेल तर ओढू नका, तसाच ठेवून त्याचीच नक्कल काढून घ्या. स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदात आम्ल असते, त्याने फोटो आणि कागद दोन्ही तांबूस होतात. म्हणून वहीसाठी आम्लरहित कागद मागा. दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागद काही दिवसांनी कोरा होतो, त्यावरचे काही जपायचे असेल तर त्याची झेरॉक्स काढा. पेटीत आजीबाईंप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आणि पावसाळा सरला की एका कोरड्या दिवशी फोटो सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात नव्हे! बोंबलांना ऊन हवे, फोटोंना नको.

भगिनींनो, नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, त्याचे बोधवाक्य आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा घरोघरी नेणे आता सोपे झाले आहे. एक मोबाइल पुरे. अवघड आहे ते दुसरेच. आपल्या हाताला जे ठाऊक असते ते आपल्या तोंडाला ठाऊक नसते. बॉटल मसाल्याची मिरची भाजताना ती नेमकी कधी उतरवायची? फुगे तळताना तेल कितपत तापले म्हणजे पुरे? जाळे विणताना गाठ कुठे आवळायची? विचारले तर आपण म्हणतो, "अगं, कळतं ते हाताला!" शेजारी बसलेल्या लेकीला हे उत्तर चालेल. दूरच्या शिकणारीला चालणार नाही. ज्या मुलीला अशी शिकवणी काढायची आहे तिने आधी कॅमेरा घेऊ नये. आपले काम एखाद्या अजाण बाईला नुसत्या शब्दांनी सांगून पाहावे. ती बरोबर करील त्या दिवशी भांडवल जमले असे समजावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या घराघरांत असे डबे आहेत. लुगडे नेसलेल्या आज्या आहेत, पहिल्या होडीपुढे उभे राहिलेले आजोबा आहेत, आणि त्यांची नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी एकेक करून कमी होत आहेत. मंडळाने 'पालीची चिकटवही' करावी. प्रत्येक घराचे एक पान. चार दुपारी मी येऊन शिकवीन, त्याची फी घेणार नाही. फोटो आपापल्या घरीच राहतील, वहीत नकला लागतील, आणि खालच्या चार ओळी ज्या त्या घरातल्या सर्वांत वडील बाईने सांगायच्या, नातीने लिहायच्या.

आणि हो, पहिल्या दिवशी येताना प्रत्येकीने तेलकागद आणावा. तो कधी आणि कुठे सरकवायचा, ते मी तोंडाने सांगेन.